एस्केप दाबलं की थांबतं

घरात तिला सगळे भित्री म्हणत, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच भित्री. कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघणारी, लिफ्टचा आवाज जरा बदलला की जिन्याने उतरणारी. पण तिचं पोट भरत होतं ते याच भित्रेपणावर. जुने प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालते करून देणं हा तिचा धंदा. लोकांचं सगळं काम वर्षानुवर्षं एका प्रोग्रामवर चाललेलं असतं, तो बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळलेला असतो, आणि एक दिवस जुना कॉम्प्युटर मान टाकतो. नव्यावर तो प्रोग्राम उघडायलाच तयार होत नाही. मग भित्रीला बोलावणं येतं. ती नव्या पडद्यावर एका चौकटीत जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग उभं करते, प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत, आणि तो निमूट कामाला लागतो. काय काय बिघडू शकतं याचा घोर तिला सतत लागलेला, त्यामुळे तिच्या हातचं काम सहसा बिघडत नसे.

दादाच्या कामाला मात्र तिला हात लावायचा नव्हता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. लाकडी दारांवर नक्षी कोरणारं एक मोठं मशीन त्याच्याकडे होतं, आणि मालक, कारागीर, हमाल सगळं तो एकटाच. मशीनला हुकूम सोडणारा प्रोग्राम जुनापुराणा. मशीनच्या पलीकडच्या टोकाला ते थांबवायचं लाल बटण होतं, पण ते दाबलं की आपण कुठवर आलो होतो तेच मशीन विसरायचं आणि फळी वाया जायची. म्हणून दादा त्या बटणाच्या वाटेलाच जात नसे. कटरखाली ढलपी अडकली की डाव्या हाताने कीबोर्डवरचं एस्केप दाबायचं, कटर वर उचलून थांबायचा, की उजवा हात थेट आत. खरंच थांबलाय का ते बघायचं म्हणून नाही! ती बोलली की दादा हसायचा.

त्याचा कॉम्प्युटर मेला तेव्हा तिने काढता पाय घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. दुसरं कुणी बघ म्हणाली. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जाऊ, म्हणून दादा अडून बसला, आणि वहिनीनेही त्याचीच री ओढली. शेवटी तिने जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. एस्केप तर इतक्यांदा दाबून पाहिलं की दादा वैतागला, बटण झिजवशील म्हणाला. दर वेळी कटर थांबला. तरी घरी जाताना तिला वाटत राहिलं, काहीतरी राहिलंय.

काय राहिलंय ते तिला दातांच्या डॉक्टरांकडे कळलं. त्यांचाही जुना प्रोग्राम तिने अशाच चौकटीत बसवला होता आणि एकेक बटण दाबून बघत होती. तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक सूचना उगवली: कॉम्प्युटर अद्ययावत करायचा आहे, आत्ता की नंतर? तिचं बोट नेमकं एस्केपवर पडलं. सूचना गेली. मागचा प्रोग्राम होता तसाच. कुणी बटण दाबलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

डॉक्टर खूश होते, छान चालतंय म्हणाले. हिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जो समोर असेल त्यालाच बटण लागू पडतं. जुन्या कॉम्प्युटरवर समोर एकच प्रोग्राम असायचा, मध्ये कडमडायला दुसरं कुणी नव्हतंच. दादाच्या पडद्यावर अशी सूचना आली आणि त्याच क्षणी त्याने एस्केप दाबलं, तर सूचना जाईल आणि कटर फिरतच राहील. आणि हात तर आत गेलेला असेल.

तिने दादाला फोन लावला. मशीनचा आवाज अडवायला कानांवर जाड हेडफोन लावून काम करणारा माणूस, त्याला फोन ऐकू येणार कसा? पिशवी तिथेच टाकून ती धावत सुटली. सिग्नल बघितला नाही, चप्पल तुटली ती हातात घेतली. सगळ्या रस्त्याने तिला एकच दिसत होतं, दादाचा तो उजवा हात. लहानपणी रस्ता ओलांडताना हिने घट्ट धरलेला.

कारखान्याच्या दारात तिला मशीनचा आवाज आला. दादा पाठमोरा होता, डावा हात कीबोर्डकडे चालला होता. ओरडून ऐकू गेलं नसतं, हात लावला तर दचकला असता. ती पलीकडच्या टोकाला धावली आणि लाल बटणावर दोन्ही तळवे आपटले.

मशीन थांबलं. दादाने कानावरचं काढलं, अर्धवट कोरलेल्या दाराकडे पाहिलं आणि त्याचा पारा चढला. तिने धापा टाकत कसंबसं सांगितलं. पडद्यावर तर कसलीच सूचना नव्हती.

"भित्रे, तुझ्या भीतीपायी माझं दार गेलं," तो म्हणाला.

ती रडकुंडीला आली, पण हटली नाही. त्याच वाया गेलेल्या फळीवर मशीन पुन्हा चालू करायला लावलं. मग तीच सूचना मुद्दाम पडद्यावर आणली आणि दादाचं उजवं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आता दाब," ती म्हणाली.

दादाने एस्केप दाबलं. सूचना गेली. कटर फिरतच राहिला. आणि तिच्या मुठीतल्या मनगटाने कटरच्या दिशेने जोरात हिसका दिला.

दादाने तो दिला नव्हता. हात आपला आपणच निघाला होता, रोजच्यासारखा. तिने सगळा जीव एकवटून तो मागे ओढला, जाऊन लाल बटण दाबलं, वीज तोडली. दादा भुशातच बसला. बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला.

सूचना कायमच्या बंद करते, पण माझा आता कशावरच भरवसा नाही, असं ती पुटपुटली.

"ते लाल बटण तिथून काढ," दादा म्हणाला. "इथे लाव. माझ्या डाव्या हाताशी."

तिने तारा ओढून आणल्या, जागा ठरवली. पण स्क्रू काही केल्या बसेना, पेचकस तिच्या हातातून सारखा निसटत होता. शेवटी दादाने तो तिच्याकडून घेतला आणि सगळे स्क्रू त्यानेच पिळले, उजव्या हाताने.