खोडलेलं नाव आणि चौतीस ग्रॅमचा बाण

उल्हास टेंभेकर गेली अठ्ठावीस वर्षं जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाडीचं दार ऐकतो. ऐकतो म्हणजे खरंच ऐकतो. तोच त्याचा पगारी धंदा आहे. दार लावलं की ‘धप्प’ असा भरीव, मऊ आवाज यायला हवा. खणखणलं, की गाडी गिऱ्हाइकाच्या मनातून उतरलीच म्हणून समजा. सांगलीहून आलेल्या या माणसाच्या कानावर तिथले मोठमोठे साहेब विश्वास ठेवतात. आणि याच माणसाला घरातली एक गोष्ट पाच महिने ऐकू आली नाही, त्याची ही हकीकत.

लेकीच्या, सियाच्या, दहाव्या वाढदिवसाला पोरांना गावाजवळच्या जंगलात धनुष्यबाण खेळायला नेलं होतं. झाडांत फोमची हरणं, अस्वलं, रानडुकरं मांडलेली असतात आणि वाटेवरून चालत जाऊन त्यांच्यावर नेम धरायचा. इतर पोरं केक खाऊन घरी गेली, बापलेक मात्र तिथेच चिकटले. दोघांनी फेरआइनचं, म्हणजे तिथल्या क्लबचं, सभासदत्व घेतलं. सिया नेमबाज झाली आणि उल्हास झाला बाण बनवणारा. तळघरात वजनाचा काटा आला, गोंद आला, लाल पिसांचा गठ्ठा आला आणि एक्सेलची शीट तर विचारूच नका. क्लबात बाणांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो प्रत्येक बाणावर देवनागरी आकडा घालायचा. जर्मनांची काय बिशाद, चुकून उचलतील तर! चारुलता, त्याची बायको, म्हणायची, “अहो, स्वयंपाकात मीठ तरी असं मोजून घालत जा कधी.”

सिया आता वीस वर्षांची. रॉटेनबुर्गला वनशास्त्र शिकते, शिकारीचा परवाना पहिल्या झटक्यात मिळवलेला. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. जर्मनीत धनुष्यानं शिकार करायला बंदी आहे, म्हणून फेरआइनची चार माणसं दर नोव्हेंबरात हंगेरीला जातात. तिथे ते चालतं. यंदा चौथी जागा रिकामी झाली होती आणि सियाला ती हवी होती. नुसती हवी नव्हती, तीन वर्षं तिनं त्या जागेचाच ध्यास घेतला होता.

जागा मिळते परीक्षेनं. अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट हा सत्तरीचा म्हातारा, त्याचं म्हणणं एकच: डुक्कर जखमी होऊन जंगलात तडफडत पळालं तर लाज त्या डुकराची नाही, आपली. म्हणून फोमच्या डुकरात खांद्यामागे प्लायवूडची फळी बसवतात, बरगडी म्हणून. तीन बाण, तीन ठिकाणं, अंतर कुणी सांगत नाही. तिन्ही बाण जागेवर लागून फळीपार गेले पाहिजेत. आणि आधी एक कार्ड भरायचं: बाणाचं वजन, वेग आणि बाण बनवणाऱ्याची सही. ज्यानं बनवला त्याला फोग्ट एकच प्रश्न विचारतो, “हेच वजन का?”

उल्हासनं मेमध्येच बाण केले होते. तेवीस ग्रॅमचे, हलके, सेकंदाला शहात्तर मीटर वेगाचे. हिशेब सरळ होता. वेग जास्त, तर बाण सरळ जातो. अंतर ओळखण्यात दोन-तीन मीटरची चूक झाली तरी नेम चुकत नाही. सियानं आठवडाभर सोडून पाहिले आणि म्हणाली, “बाबा, त्सू लाउट.” फार आवाज करतात.

“आवाजाचं काय घेऊन बसलीस?” उल्हासनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. “हा आलेख बघ. जड बाण घेतलास तर ताकद जेमतेम तेवढीच राहते आणि वर बाण खाली झुकतो. मग फायदा काय?”

सियानं आलेख बघितला, मान हलवली आणि बाण उचलून निघून गेली. उल्हासला वाटलं, पोरीला पटलं.

उन्हाळाभर ती एक विचित्र गोष्ट करत होती. बसस्टॉपवर, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, कुठेही उभी राहायची, एखाद्या खांबाकडे बघून काहीतरी पुटपुटायची आणि मग पावलं मोजत तिथपर्यंत जायची. “हिला झालंय तरी काय?” त्यानं चारुलताला विचारलं. चारुलता भाजी निवडत म्हणाली, “चालतेय ना? चालू द्या.” ऑक्टोबरातल्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं सियाचं कार्ड भरलं, आपल्या शीटवरूनच. तेवीस ग्रॅम, शहात्तर मीटर, सही: उ. टेंभेकर. काट्यावर बाण ठेवून बघायची तसदी त्यानं घेतली नाही. जो माणूस एकेका पिसाचं वजन करतो, त्यानं!

परीक्षेच्या सकाळी सियाच्या आधी योनास म्हणून एक उंच पोरगा होता. त्याचे बाण हलके आणि भलते वेगवान. पहिला सटकन गेला, बरोब्बर जागेवर लागला आणि फळीत अर्धाच अडकून थरथरत राहिला. फोग्टनं मान हलवली. योनासनं हात मिळवले आणि धनुष्य पिशवीत घातलं. उल्हासनं तो अडकलेला बाण निरखून पाहिला. याचे बाण आपल्यासारखेच की!

मग सियाचा बाण काट्यावर गेला. तीच लाल पिसं, देवनागरी ‘५’. काट्यानं आकडा दाखवला: चौतीस.

फोग्टनं कार्ड बघितलं, काटा बघितला, उल्हासकडे बघितलं. भोवती पंधरा-वीस माणसं होती. उल्हासनं वाकून तो ‘५’ नीट पाहिला. पोटाचा बाक नको तिथे आलेला, शेपूट भलतीकडेच गेलेलं. हा त्याच्या हातचा नव्हता. त्यानं सियाकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कार्डावर वजन लिहायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. बाबा काट्यावर बाण ठेवेल आणि तिथेच त्याला सगळं कळेल, असं तिनं धरलं होतं; तो न मोजताच लिहील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

“आल्झो, हेर टेंभेकर,” फोग्ट म्हणाला, “आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा. बाण तुमचाच आहे ना? नाहीतर हे कार्ड खोटं, आणि खोट्या कार्डावर इथे कुणी बाण सोडत नाही.”

सुटका अगदी सोपी होती. तेवीसचे चौतीस करायचे, चुकून झालं म्हणायचं. चारचौघांत अब्रूही राहिली असती. पण मग प्रश्न त्यालाच आला असता, हेच वजन का, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर त्या पोरीकडे होतं. तिनं ते मेमध्येच दिलं होतं आणि आपण तिच्यापुढे आलेख धरला होता. अरे, अख्खी हयात दारांचा आवाज ऐकण्यात गेली, आणि स्वतःच्या लेकीच्या धनुष्याचा आवाज ऐकायला कान नव्हते? त्याला मनापासून लाज वाटली.

त्यानं पेन मागून घेतलं. आकडे खोडले. मग आपलं नाव खोडलं, एकाच सरळ रेघेनं, आणि खाली लिहिलं: सिया टेंभेकर.

“बाण तिनं केलेत,” तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “मला माहीत नव्हतं. मी न मोजता सही केली, चूक माझी आहे. प्रश्न तिला विचारा.”

कुणी हसलं नाही. फोग्ट सियाकडे वळला. “हेच वजन का?”

सिया जर्मनमध्ये सांगू लागली. हलका बाण धनुष्याची सगळी ताकद घेत नाही, ती म्हणाली. उरलेली ताकद आवाज करते. डुकराला प्रत्यंचा ऐकू येते, बाण पोचायच्या आत ते खाली दबतं आणि बाण भलतीकडे लागतो. जड बाण हळू जातो, पण गुपचूप जातो. आणि बरगडीवर थांबत नाही.

“पण तो झुकतो,” फोग्ट म्हणाला. “अंतर तीन मीटरनं चुकलं तर?”

“चुकणार नाही. मी ते पायांनी शिकलेय.”

“तो बीचच्या झाडाचा बुंधा किती लांब आहे?”

सियानं पाहिलं, ओठ हलले. “सत्तावीस.” फोग्टनं अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं धरलं. सत्तावीस. “गेनाऊ,” अगदी बरोबर, तो म्हणाला आणि बाजूला झाला.

सियानं बाण चढवला आणि उल्हासनं डोळे मिटले. हो, ऐकायचंच होतं त्याला. योनासच्या धनुष्यासारखा सटकारा नाही; एक दबका ‘धप्प’, अगदी नीट बसलेल्या दारासारखा. असा आवाज त्यानं अठ्ठावीस वर्षं कारखान्यात घडवला होता आणि पोरीनं तो तळघरात, त्याच्याच गोंदानं, त्याच्या पाठीमागे घडवला होता. तीन वेळा धप्प. तिन्ही फळीपार. शेवटचा तर पलीकडच्या मातीत रुतला होता. तो उपटायला उल्हास स्वतः गेला, तेव्हा डोळे पुसायलाही आडोसा मिळाला.

परत आला तर सिया समोर. “एन्टशुल्डिगुंग, बाबा,” ती हळूच म्हणाली.

“माफी कसली मागतेस? आधी तुझा तो पाचाचा आकडा सुधार,” तो म्हणाला आणि तिला घट्ट जवळ घेतलं. घरून फोनवर चारुलता म्हणाली, “मला जूनपासून माहीत होतं. तळघराची किल्ली कोण देत होतं तिला?”

फोग्टनं चौथी जागा सियाची म्हणून सांगितलं आणि कार्ड उल्हासलाच दिलं. पार्किंगमध्येच त्यानं कार्डाचा फोटो काढला आणि सांगलीच्या घरच्या ग्रुपवर टाकला. मिनिटाभरात धाकट्या भावाचा, दत्ताचा, मेसेज आला: “दादा, हे काय रे? तुझं नाव कुणी खोडलं?”

उल्हासनं गाडीत बसून, चष्मा वर करून, सावकाश टाइप केलं: “मीच खोडलं. खालचं नाव वाच.”