शलाकाची शिफारस

अमेरिकेतून पाचवा नकार आला तेव्हा चामटोलीची शलाका डबा खात होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ती माल तपासते. तिने मोबाइलवर मेल वाचला आणि उरलेली भाकरी संपवली. रडू नाही, राग नाही, काही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल होतो तसं आतून सगळं बधिर.

आता कुणी म्हणेल, पोरीने एजंट का नाही गाठला? उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सोडून दहा बसलेत की! तिची मैत्रीण ऋतिका गेली तशाच एकाकडे. पण शलाका पडली हट्टी. "फॉर्मच भरायचाय ना? त्यात काय रॉकेट सोडायचंय?" आणि भरले बाईने! वर्षभर युनिव्हर्सिट्यांच्या साइट्स वाचून काढल्या, इंग्रजीची परीक्षा दिली, तिथल्या प्राध्यापकांना स्वतः मेल टाकले. एक मॅडम तर व्हिडिओ कॉलवर पाऊण तास तिच्याशी केमिस्ट्री बोलत बसल्या. तिला पीएचडीची अशी जागा हवी होती जिथे फी माफ होते आणि वर पगार मिळतो. त्याशिवाय जाणं शक्यच नव्हतं.

सगळं जमलं, अडलं शिफारसपत्रावर. एमएस्सीचा प्रोजेक्ट तिने भूपेश सरांकडे केला होता, म्हणजे वजन त्यांच्याच पत्राला. सर माणूस देव, पण लिहायचा जाम कंटाळा. "तूच लिहून पाठव गं, मी माझ्या नावाने टाकतो." आपल्याकडे ही रीतच आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आणि इथेच पोरीने माती खाल्ली.

रविवारी दुपारी ती लिहायला बसली. कुणी पाहुणा "पोर हुशार आहे हो" म्हणाला, की तिची आई कमळाबाई लगेच म्हणणार, "कसली हुशार? साधा चा येत नाय तिला!" नजर लागू नये म्हणून म्हणायची बिचारी. पण चोवीस वर्षं ऐकलं की ते हाडीमाशी खिळतं. 'शलाका असामान्य विद्यार्थिनी आहे' एवढं टाइप केलं आणि तिचे कान तापले. आपली आरती आपणच ओवाळायची? शी! खोडलं. मग लिहिलं, शलाका वेळेवर येते. सांगितलेलं काम करते. सरांच्या मार्गदर्शनामुळे तिचा प्रोजेक्ट चांगला झाला. बंद पडलेलं यंत्र तिने स्वतः खोलून चालू केलं होतं, सरांना न सुचलेली पद्धत शोधली होती, त्याचा एक शब्द नाही. सरांच्याच पत्रात सरांना कमीपणा कसा आणायचा? सरांनी ते न वाचता पाचही ठिकाणी टाकलं.

शेवटच्या नकारानंतर आठवड्याभराने व्हिडिओ कॉलवाल्या मॅडमचा मेल आला. "तुमचं काम मला आवडलं होतं. पण तुमच्या सरांचं पत्र फार कोरडं होतं. पुढच्या वर्षी तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या माणसाकडून पत्र घ्या."

शलाकाने ते तीनदा वाचलं. मग सरांना फोन लावला.

"सर, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतेय. या वेळी पत्र तुम्ही लिहाल का?"

"अगं, तुझ्याइतकं तुला कोण ओळखतं? तूच लिही. गेल्या वेळी मस्त लिहिलं होतंस."

"बरं सर."

बरं म्हणण्याखेरीज तिला दुसरं काही येतच नाही, त्याला काय करणार! पण या खेपेला तिने एकेक गोष्ट लिहिली. यंत्र हिने चालू केलं. पद्धत हिने शोधली. चार महिने ही एकटी लॅबमध्ये राबली. कान तापले तरी खोडलं नाही. संपल्यावर तिने पत्र सुरुवातीपासून वाचलं. सगळं खरं होतं, पण दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल वाचतोय असं वाटत होतं. अशा मुलीला पाच जणांनी नाही म्हटलं, याचं शलाकाला पहिल्यांदाच वाईट वाटलं, आणि ती रडायला लागली.