मीटर क्रमांक ६११३७७७

दत्तात्रय टिपणीस केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात तेहतीस वर्षं होते. इतरांनी केलेल्या बेरजा तपासायच्या, हे काम. त्यामुळे देशाच्या प्रगतीबद्दल त्यांना शंका असली तरी बेरजेबद्दल नव्हती.

दिल्लीत मुनिरकातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर त्यांचा जीव होता तो विजेच्या मीटरमुळे. क्रमांक ६११३७७७. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही, हे त्यांनी १९८१ साली सिद्ध केलं होतं. त्यासाठी दोनपासून २४६७पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. पुढे जायची गरज नसते. अशा संख्या भरतात बरोबर तीनशे पासष्ट. यात टिपणिसांना परमेश्वराचा हात दिसला. एरवी तो त्यांना फारसा दिसत नसे. एक जानेवारीपासून रोज चहानंतर वहीच्या एका पानावर एक भागाकार, तारीख घालून. मीटर वाचायला येणाऱ्यालाही ते अभिमानाने सांगत, "भाई, ये प्राइम नंबर है." तो म्हणे, "हां जी. रीडिंग लिख लूँ?"

१९९४ साली त्यांच्या पत्नीचे, प्रमोदिनीबाईंचे, गुडघे गेले. मुलीने, वृंदाने, फरीदाबादला आपल्या शेजारीच तळमजल्यावरचा फ्लॅट शोधला.

"असा मीटर मिळणार आहे का तिथे?" टिपणीस म्हणाले.

"बाबा, मीटरला जिना चढावा लागत नाही. आईला लागतो!"

तीन महिने गेले. टिपणीस हलेनात. प्रमोदिनीबाईंनी वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. एका दुपारी त्यांनी ती वही काढली आणि पहिल्या पानापासून तपासायला घेतली. चूक सापडली की सामान बांधायचं, एवढाच हेतू.

चूक दोनशेव्या पानावर सापडली. भाजक १२२३. वजाबाकीत अकराशेच्या जागी एक हजार लिहिलेले, म्हणून बाकी २२३. चौथीतल्या पोराचे कान धरावेत अशी. मग त्यांनी तारीख पाहिली. एकोणीस जुलै.

त्या दिवशी प्रमोदिनीबाईंचं ऑपरेशन होतं. "मला कसली काळजी? मी बाहेर बसून गणित केलं," असं टिपणीस सगळ्यांना सांगत आले होते, आणि त्यावरून बाई तेरा वर्षं त्यांना टोमणे मारत आल्या होत्या.

वही बराच वेळ त्यांच्या मांडीवर राहिली. संध्याकाळी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, एकोणीस जुलैचं परत करा."

टिपणिसांनी केलं. बाकी शून्य. पुन्हा केलं. १२२३ गुणिले ४९९९, चोख. म्हणजे मीटरचा क्रमांक मूळ संख्या नव्हताच.

"इतकी ढोबळ चूक? माझी?"

"ऑपरेशनच्या दिवशीची आहे."

"हात गारठला असेल. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात फार थंडी होती."

"दिल्लीत? जुलैत?"

टिपणिसांनी वही मिटली. चष्मा पुसला, तो स्वच्छच होता.

"तिथे दाराशी पायऱ्या किती?"

"दोन."

"दोन." त्यांनी मनाशी तपासून घेतलं. "ठीक आहे. मूळ संख्या आहे. वृंदाला कळव."