पूजेतले हातमोजे

सरक जवळ. दारात काय बसलीस पाहुण्यासारखी? आणि मघाशी बोललीस ते पुन्हा बोलू नकोस. म्हणे, आत्या, तुमच्या वेळचे मालक देवमाणसं, कामगारांना पंगतीला बसवून जेवू घालायचे. कसं घालायचे ते ऐक.

आयुधपूजेचा दिवस, कामाची हत्यारं पुजायचा. कुंभकोणमातली रेशीम उकळायची शेड. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती, मी विशीतली. आम्ही बायका पंगतीत बसलो, पुढं केळीचं पान. मुदलाळी म्हणजे आमचा मालक, त्याची बायको भात वाढत आली. माझ्यापुढं थांबली. माझे हात बघितले आणि पळी मागं घेतली. सगळ्यांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणाली, "हिला कुष्ठ झालंय. पान उचल, गटारापाशी जाऊन बस. तिथं टाकतील."

वाढतील नाही म्हणाली. टाकतील.

दोन्हीकडच्या बायकांनी आपापली पानं बाजूला ओढली. रोज माझ्या डब्यातलं लोणचं खाणारी रंगम्मा, तिनंही.

आता हातांचं सांगते. कच्च्या रेशमाला डिंक असतो, तो उकळून काढावा लागतो. आधी वडीचा साबण आणि सोडा घालायचो. मग मुंबईहून साबणतेलाची पिंपं यायला लागली. घट्ट, पिवळट, मधासारखं. कंपनीचा माणूस एकदा येऊन सांगून गेला. हे घट्ट तेल चामडीतलं तेल ओढून घेतं, उघडा हात घालू नका, मोजे घाला, डब्यानं हळू ओता, डोळ्यांत उडालं तर साध्या पाण्यानं धुवत राहा. प्रत्येकीच्या हातात रबराचे मोजे दिले त्यानं.

तो बसस्टँडवर पोचला नसेल, तोवर मेस्त्रीनं, आमच्या मुकादमानं, मोजे गोळा केले. रेशमाला डिंक राहिलाय की गेला ते बोटानं चाचपून कळतं, मोज्यातून काय कळणार, म्हणे. बरं, चाचपायचं तेवढं मोज्याविना चाचपलं असतं. पण पिंपातलं तेलसुद्धा ओंजळीनं काढायचं. का, तर डब्याला चिकटून वाया जातं. शेवटी शेवटी वाकून, खांद्यापर्यंत हात घालून तळ खरवडायचा.

आधी हात कोरडे पडले. मग भेगा. मग उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघायला लागली. आमटीत बोट बुडवलं की डोळ्यांतून पाणी. मेस्त्रीला दाखवले तर हसला. "मराठी राणी तू. तंजावरच्या महालात जाऊन बस की." आम्ही घरात मराठी बोलतो, एवढं त्याला पुरे होतं.

म्हणजे माझे हात कशानं गेले ते मेस्त्रीला ठाऊक होतं. मुदलाळीलाही. आणि त्या दिवशी बायको कुष्ठ म्हणाली तेव्हा तो तिथंच उभा होता, विडा चघळत.

आईही त्याच शेडमध्ये कामाला होती. तिनं माझा पदर ओढला. "ऊठ गे बाई. बसू तिकडं. काम जाईल."

काम नुसतं नव्हे. तो शब्द चिकटला की नळ बंद, देवळाची पायरी बंद, भजनात कुणी शेजारी बसायचं नाही.

मी उठले. समोर पूजा मांडलेली. पिंपाला गंध, कुंकू, मोगऱ्याची माळ. पिंपापुढं आमचे हातमोजे, ओळीनं पसरलेले, बोटाबोटाला कुंकवाचा ठिपका. आयुधं ना ती.

पिंपाला माळ आणि मला गटार. डोकं फिरलं.

एक जोडी उचलली. कुंकवासकट घातली. आत साल सोललेली, जीव गेला, पण घातली. मालकीण ओरडली, "पूजेतलं उचलतेस? उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नसतो."

"माझे आहेत," मी म्हटलं. "मला दिलेले." मग त्याच्याकडं वळले. "मुदलाळी, मला काय झालंय ते सांगा यांना. नाहीतर या पिंपात कोपरापर्यंत हात घाला. महिन्यानं दोघं गटारापाशी जेवू."

"हिला बाहेर काढ," तो मेस्त्रीला म्हणाला.

"काढा. पण आधी सांगा."

मेस्त्री पुढं सरेना, मुदलाळी पिंपात हात घालायला धजेना. भात निवत होता. शेवटी खाली बघत तो पुटपुटला, "तेलानं होतं तसं."

मी म्हटलं, "मोठ्यानं."

मोठ्यानं म्हणाला. मग मालकिणीनं माझ्या पानावर पळी धरली. मी पान दुमडलं आणि उपाशी बाहेर पडले. काम गेलंच. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

पुढं स्वामीमलैच्या वाटेवर दुसरी शेड धरली. मोजे देणार असाल तर येते, असं आधीच सांगून. नव्या बाईला पिंपाशी नेलं की आधी मोजे घालायला लावायची, मग पुढचं बोलायची. मालकानं मोजे काढून घेतले की काम टाकायचं. दोनदा टाकलं. आजही टाकीन. माफ कुणालाच केलेलं नाही. उघड्या हातानं कुठल्या बाईला पिंपात वाकू देणार नाही, माझ्यात बोलायची ताकद आहे तोवर.

बरं, आता लवकर ये पुन्हा. तुझ्या घरामागं, इन्नंबूरला, साबणतेलाची नवी शेड निघालीय ना? तिथल्या बायकांना घेऊन ये. त्यांचा मालक येत असेल तर त्यालाही आण. त्याच्याशीही बोलायचंय मला.