एकोणीस अर्ज घेऊन समुद्रावर

मनुष्यबळ विभागातील लोकांची परिषद जहाजावर भरते हे प्रथम ऐकले, तेव्हा मला ती परिषदेचे नाव दिलेली सहलच वाटली. दुपारी मुंबईहून निघायचे, दोन रात्री समुद्रात काढायच्या, मध्ये कोठेही न उतरता तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुंबई. मी शिरूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मनुष्यबळ अधिकारी आहे. निमंत्रण आले आणि मी ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिले.

आठवड्याभराने व्यवस्थापनाने कळवले, की आमची जुनी प्रेस लाइन पुढच्या महिन्याअखेरीस उचलून दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात नेली जाणार आहे. तिच्यावरचे एकोणीस कंत्राटी कामगार त्या दिवसापासून मोकळे होणार होते. मी ड्रॉवर उघडला. जहाजावर दोनशेच्या आसपास मनुष्यबळ अधिकारी असणार होते, आणि मुख्य म्हणजे मला टाळून त्यांना कोठे जाता येणार नव्हते.

शिरूरहून मुंबईला जायचे तर लोक सहसा पुण्याची एस.टी. धरतात. माझा सल्ला वेगळा आहे. सामान जास्त असेल आणि नगर रस्त्यावरच्या कोंडीत अडकायचे नसेल, तर दौंड गाठावे. न्हावरे, आंधळगाव, पारगावला भीमेचा पूल, मग चौफुला, पाटस आणि दौंड. पहाटे निघाल्यास पावणेदोन तास पुरतात. मात्र उसाचा हंगाम असेल तर अर्धा तास जास्तीचा धरावा. जोड ट्रॉल्यांच्या मागे गाडी लागली की वेळेचे गणित ट्रॅक्टरवालाच ठरवतो. दौंड हे मोठे जंक्शन असल्यामुळे मुंबईची थेट गाडी मिळते. शिवाय ती जिथे सोडते त्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जहाजांचा धक्का टॅक्सीने जेमतेम दहा मिनिटांवर आहे.

माझ्याबरोबर दौंडपर्यंत सर्जेराव मामा होते. मामा निमोण्याचे, लाइनवरचे सर्वांत जुने आणि त्या एकोणिसांपैकीच एक. त्यांची बहीण दौंडला असते, म्हणून ते कंपनीच्या गाडीत बसले. सगळ्यांचे अर्ज त्यांनीच भरून घेतले होते. चौफुल्याला मिसळ खाताना मी ते अर्ज एकेक करून हजेरीपत्रकाशी पडताळले: नाव, गाव, किती वर्षे, पद. पदाच्या रकान्यात एकोणीसही जणांनी ‘हेल्पर’ असे लिहिले होते आणि हजेरीपत्रकातही तेच होते. एकही तफावत नाही. इतके बिनचूक अर्ज मी क्वचितच पाहिले होते. मी मामांचे कौतुक केले आणि दुसरा पाव मागवला.

मामांनी मला पोहता येते का, असे विचारले. मी नाही म्हणाले.

“मंग अर्ज प्लास्टिकात गुंडाळा,” ते म्हणाले. “तुमचं म्हागनं बघू.”

धक्क्यावरचे सोपस्कार विमानतळासारखेच असतात. ओळखपत्राची मूळ प्रत हाताशी ठेवावी, औषधे हातातल्या पिशवीत असावीत, आणि मोठी बॅग थेट खोलीवर पोहोचते म्हणून तिची काळजी करू नये. हे सर्व मी पाठ करून गेले होते. इमारतीतून बाहेर पडल्यावर जे दिसले, त्याची तयारी मात्र कोणी करून घेतली नव्हती. समोर एक पांढरी भिंत होती. मी जहाज शोधू लागले आणि मग लक्षात आले, की ती भिंत हेच जहाज. आमच्या कारखान्याच्या तीन शेड एकीपुढे एक ठेवल्या तरी तिचे दुसरे टोक गाठता आले नसते. मान वर करून मी मजले मोजू लागले. नवव्यावर मोजणी चुकली. एवढे लोखंड पाण्यावर कसे राहते याचे शास्त्र मला ठाऊक आहे. जहाज जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याचे वजन त्याला उचलून धरते. शाळेत असताना मी हे भावंडांना बादली आणि वाटी घेऊन समजावून दिले होते. पण शास्त्र ठाऊक असणे वेगळे आणि त्या भिंतीखाली उभे राहणे वेगळे.

निघण्यापूर्वी सुरक्षेची कवायत होते आणि ती कोणालाही चुकवता येत नाही. खोलीच्या दारामागे एक कार्ड लावलेले असते. त्यावर आपण आणीबाणीत कोठे जमायचे ते अक्षर दिलेले असते. माझे ‘सी’ होते. आमच्या गटाला सूचना देणारे गृहस्थ साधारण पन्नाशीचे, बारीक चणीचे. नारिंगी जाकीट घालून ते असे उभे होते, की दोनशे अधिकाऱ्यांपैकी एकानेही फोन बाहेर काढला नाही. छातीवर ‘पाटकर’ अशी पट्टी होती. हे जहाजावरचे कोणी मोठे अधिकारी असावेत, अशी मी मनाशी नोंद केली.

जहाज हलले ते मला कळलेच नाही. कळले ते धक्क्यावरची माणसे लहान होऊ लागली तेव्हा. घोड नदीला पूर आला की आम्ही पुलावर जाऊन ‘केवढे पाणी’ म्हणत उभे राहतो. इथे पाण्याला पलीकडचा काठच नव्हता. ज्या दिशेला पाहावे तिकडे तीच एक रेष, आणि त्या रेषेच्या आत फक्त आपण. बराच वेळ माझ्या हातात चहाचा कप तसाच होता.

संध्याकाळी ओळखीची पहिली फेरी झाली. तिची रीत अशी: लांब टेबलांच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचे, चार मिनिटे बोलायचे, घंटा वाजली की एक खुर्ची पुढे सरकायचे. तासाभरात पंधरा जण भेटतात. मी प्रत्येकासमोर अर्जांची चळत ठेवत होते. चौथ्या की पाचव्या घंटेला चाकणच्या एका कारखान्याचे मनुष्यबळ प्रमुख समोर आले. जोशी सर, सभ्य माणूस. त्यांच्याकडे दोन नव्या प्रेस बसत आहेत हे त्यांनीच सांगितले आणि मी चळत आणखी त्यांच्याजवळ सरकवली. त्यांनी चार अर्ज चाळले, पाचवा अर्धा वाचला आणि चळत नीट जुळवून परत केली.

“हेल्पर आम्हाला गेटवरच मिळतात, मॅडम.”

घंटा वाजली. उरलेल्या दहा जणांनी हेच कमीअधिक सौम्यपणे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजाचा पडद्यामागचा भाग दाखवण्याचा कार्यक्रम होता. मनापासून सांगते, अशा प्रवासाला गेलात तर नाटक आणि जलतरण तलाव चुकला तरी चालेल, हे चुकवू नका. गालिचे संपतात, लोखंडी दार उघडते आणि आपण जहाजाच्या पोटात उतरतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ बोळ आहे, आणि त्यातून ट्रॉल्या, अंड्यांचे ट्रे, चादरींचे गठ्ठे अखंड वाहत असतात. कोणी कोणाला धडकत नाही. धुलाईघरात वाफेच्या यंत्रासमोर एक गृहस्थ चादरीचे टोक पकडून उभे होते. ते कालचे पाटकर होते.

मी मराठीत विचारले तसे ते हसले. मालवणचे, बावीस वर्षे जहाजांवर, सगळी धुलाईतच. मी म्हटले, काल तर तुम्ही आम्हा सर्वांना हुकूम देत होता. त्यांनी मला बोळातल्या भिंतीपाशी नेले. तिथे काचेमागे एक मोठी यादी होती. जहाजावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा क्रमांक, आणि त्यासमोर धोक्याची घंटा झाल्यावर त्याने नेमके काय करायचे ते. अमुक दार बंद करणे. अमुक जिन्यावर उभे राहून लोकांना वाट दाखवणे. पाटकरांच्या क्रमांकासमोर होते: सहा नंबरची बोट उतरवणे.

“चादरी धुणं हे रोजचं,” ते म्हणाले. “पण वेळ आली तर सहा नंबरची बोट माझी. तेव्हा कोणी हुद्दा बघत नाही, बाई. कोणाला काय येतं ते आधीच लिहून ठेवलेलं असतं.”

मी ती यादी वाचत राहिले. शेकडो माणसे, आणि एकाच्याही पुढे नुसते पद नाही. सगळे पुढे गेले. मला बोलवायला कोणीतरी परत आले. त्या भिंतीसमोर मला आदल्या दिवशीच्या समुद्रापेक्षा मोठे काही दिसले होते, आणि त्याच्या शेजारी मला माझे हजेरीपत्रकही दिसत होते. एकोणीस माणसे, एक शब्द. तो शब्द पडताळून मी समाधानाने दुसरा पाव मागवला होता.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलला रेंज राहत नाही. जहाजाचे वायफाय महाग आहे, पण अडीअडचणीला आहे हे लक्षात असू द्या. पहिल्या पाळीची जेवणाची सुट्टी साधून मी मामांना फोन लावला.

“तरंगताय नव्हं अजून?” त्यांनी विचारले. मागे डबे उघडल्याचा आवाज येत होता.

मी विचारले, “मामा, प्रेस अडली तर तुम्ही कोणाला हाक मारता?”

“आपल्या कवठ्याच्या शंकरला. डायचा आवाज बदलला की त्येला लांबूनच कळतं. इंजिनेरच्या आदी.”

“मग त्याच्या अर्जावर हेल्पर का लिहिलंत?”

“गेटपासवर त्येच हाय ना,” मामा म्हणाले. “कागदाला धरून लिवलं. उगं फुगवून लिवायचं, आन् उद्या तुमच्यावर ठपका आला म्हंजी?”

माझा कागद खोटा पडू नये म्हणून एकोणीस जणांनी स्वतःला लहान करून लिहिले होते. मग मी एकेक नाव घेत गेले आणि प्रत्येकाला तोच प्रश्न लावला: याला हाक केव्हा मारता? पत्र्याला बारीक चीर गेली की एकाला. ती त्याच्या बोटाला लागते. नवा माणूस घाबरला की दुसऱ्याला. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायची घाई असली की न्हावऱ्याच्या दोघा भावांना, पण दोघांना एकत्रच, “येकटा असला की भांडत बसतो, दुसरा कुठाय म्हणून.” अठरा नावे झाली.

“आणि तुम्हाला?”

“मला कोण हाक मारणार? मीच मारतो की.”

वरच्या डेकवर वाऱ्याने कागद उडत होते. अर्जांवर चप्पल ठेवून मी प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक ओळ पेनाने लिहिली. मामांच्या अर्जावर लिहिले: केव्हा कोणाला हाक मारायची, हे यांना ठाऊक आहे.

दुपारच्या दुसऱ्या फेरीत जोशी सर समोर आले, तेव्हा मी अर्ज पालथे घालून दिले. ते वाचू लागले. घंटा झाली तरी उठले नाहीत. मागची रांग अडली, संयोजक आले, आणि जोशी सरांनी रांगेला आपली खुर्ची वगळून पुढे सरकायची खूण केली. शंकर कधी भेटेल, असे त्यांनी विचारले. मामांचा अर्ज मात्र त्यांनी वेगळा काढला. वय एक्कावन्न, नव्या भरतीत बसत नाही म्हणाले. पण स्वतः येऊन माणसे पाहीन, एवढा शब्द त्यांनी दिला. सुप्याच्या एका कारखान्यातल्या बाईंनीही दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई धुक्यातून हळूहळू वर आली. उतरताना पाटकर कोठे दिसले नाहीत. खाली चादरी चालू असणार. परतीचा मार्ग तोच: गाडी, दौंड, चौफुला. भीमेच्या पुलावर मी चालकाला गाडी हळू घ्यायला सांगितले. पाणी थोडेच होते, पण मला ते पाहायचे होते.

पंधरवड्याने दोन्ही कंपन्यांचे लोक आमच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक पाहायला आले. तासभर सगळे सुरळीत चालले आणि मग तीन नंबरची प्रेस मध्येच अडली. जोशी सर प्रेसकडे पाहत होते. लाइनवरच्या अठरा माणसांनी मात्र प्रेसकडे पाहिलेच नाही. ती सर्व एकाच वेळी मामांकडे वळली. मामांनी कान दिला आणि शंकरला नव्हे, न्हावऱ्याच्या भावांना हाक मारली. भावांनी डाय बदलली आणि प्रेस पुन्हा चालू लागली. जोशी सरांनी ते पाहिले. त्यांनी मामांचा अर्ज माझ्याकडून परत मागून घेतला.

चाकणला अकरा जण गेले, सुप्याला चार. दोघांनी घरच्या गाई वाढवायचे ठरवले. दोघांचे अजून जमलेले नाही. त्यांचे अर्ज माझ्या पिशवीत आहेत आणि आता कोणत्याही बैठकीला मी ते पालथेच घेऊन जाते. या प्रवासातून मी आणलेली वस्तू म्हणाल तर एकच, खोलीच्या दारामागच्या कार्डाचा फोटो. माझ्या कार्यालयाच्या भिंतीवर मात्र आता एक यादी आहे. कारखान्यातल्या प्रत्येकाचे नाव, आणि त्यापुढे त्याला हाक केव्हा मारायची ते. अजून पूर्ण झालेली नाही, कारण लोक स्वतःबद्दल सांगत नाहीत. शेजाऱ्याला विचारावे लागते.

मामांचा चाकणहून पहिल्याच आठवड्यात फोन आला. आवाज पडलेला होता.

“मॅडम, हितं प्रेस अडली की सगळी माझ्याकडं बघत्यात. आन् आपली धा सोडली तर मला कुणाचंच काय म्हाईत न्हाई.”

मी विचारले, मग आता काय करणार?

“बघू,” मामा म्हणाले. “आदी सगळ्यांची गावं इचारून घेतो.”