तीन दिवस रंग चढेना

विश्रामचा बाप माणदेशातनं रेल्वेत लागला, म्हणून विश्राम बडोद्याचा झाला. सयाजीगंजातल्या एका लॅबमध्ये सोळा वर्षं त्याचं एकच काम. माणसाच्या अंगातल्या गाठीचे कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. पुढं त्यात काय दिसतं ते डॉक्टर वसुंधराबाई सांगणार. पण रंग विश्रामचा.

या खेपेला रंगानं त्याचा पार घाम काढला. वासण्याच्या कमलाबाईंच्या थायरॉइडची गाठ. सुईनं काढलेला तुकडा शेवयीच्या काडीएवढा. साध्या रंगात डॉक्टरबाईंना निकाल देता येईना, म्हणून हा खास रंग. गाठ वाईट असली तर बहुधा तपकिरी चढतो, नसली तर बहुधा फिकी राहते. काचेच्या कडेला विश्राम खात्रीच्या कॅन्सरचा एक जुना काप बसवायचा. तो तपकिरी झालाच पाहिजे. तोच फिका राहिला, तर शेजारच्याच्या फिकेपणाला काडीची किंमत नाही.

दोन दिवस दोन्ही फिके. नवी बाटली फोडली, तरी फिके. कमलाबाईंच्या तुकड्यात आता एकच काप उरला. तो गेला की बाईच्या गळ्यात पुन्हा सुई.

मॅनेजर दिग्विजयभाई आत डोकावला. "विश्रामभाई, रंग नथी आव्यो एटले नेगेटिव. मोकली दो ने!" रंग आला नाही म्हणजे कॅन्सर नाही, रिपोर्ट पाठवून टाका, हा त्याचा हिशेब.

चिडला की विश्राम समोर कोण आहे ते बघायचा नाही, सरळ माणदेशी सोडायचा. "आरं, खात्रीचा कापबी फिकाच हाय! त्यो मानूस काय काचंवर बरा झाला व्हय?"

बाहेर बाकावर कमलाबाईंचे नवरे, रिफायनरीतनं निवृत्त झालेले जयसिंगराव, तिसऱ्या दिवशीही डबा घेऊन बसलेले.

"रंग चढंना, काका."

"म्हणजे चांगलंच की!"

"चांगलं न्हाई, वाईट न्हाई. अजून कायच न्हाई."

"तीन दिवसांत कायच नाही? मग आत करता काय तुम्ही?"

 विश्रामनं आत येऊन कुकर शेगडीवर ठेवला. हा रंग द्यायच्या आधी काप एका द्रावणात कुकरमध्ये शिजवावे लागतात, नाहीतर रंग धरत नाही. आज जुना, वाया गेला तरी चालेल असा काप आत टाकून तो कुकरकडं टक लावून बसला. शिट्टी फुसकी. झाकणाच्या कडेनं वाफ सू सू करत चाललेली.

मग त्याला आठवलं, आणि त्यानं कपाळावर हात मारला. कुकरची रिंग सैल झालेली. नवी मागितली तर दिग्विजयभाई म्हणाला, "जूनी चालशे." आणि यानंच बायकोची घरगुती अक्कल चालवली होती, रिंग फ्रीजरात ठेवली की घट्ट होते. डाळीला चाललं असतं. दोन दिवस बाटलीला शिव्या घातल्या, आणि खोट त्याच्याच हातची.

दांडिया बाजारातली भांड्याची दुकानं दुपारची बंद. तो तसाच घरी गेला. बायकोचा, नयनाचा, पाच लिटरचा कुकर तसलाच; झालेलं सांगत त्यानं त्याची रिंग काढली.

"डाळ लावायची हाय मला!"

"पातेल्यात शिजव."

"आन् परत कवा आनशीला?"

"लॅबात गेलेली रिंग सैपाकघरात आनू व्हय? नवी घेईन."

"तुमच्या फ्रीजरापायी माझी रिंग गेली म्हना की!"

लॅबात ती रिंग बसवली तशी शिट्टी कडक झाली. शेवटचा काप घातला. सांजच्याला विश्रामनं काच भिंगाखाली सरकवली. कडेचा काप तपकिरी. झकास तपकिरी. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातनं "हां!" निघालं.

मग त्यानं काच जराशी सरकवली. कमलाबाईंचा कापही तपकिरी.

वसुंधराबाईंनी बराच वेळ पाहिलं. पेशींचं रूप आणि हा रंग, दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते. "ऑपरेशन लागेल," त्या म्हणाल्या. "रंग छान आलाय, विश्राम."

छान! त्याला कुकर उचलून दिग्विजयभाईच्या टेबलावर आपटावासा वाटला. त्याचं ऐकून 'नेगेटिव' गेलं असतं, तर ही बाई गाठ घेऊन घरात बसली असती.

बाहेर जयसिंगराव डब्याचं झाकण लावत होते. "झालं?"

"झालं, काका. डॉक्टरबाई बोलावत्यात. आत या."

ते आत गेले. विश्रामनं सैल रिंग कात्रीनं दोन ठिकाणी कापली, पुन्हा कुणी फ्रीजरात ठेवू नये म्हणून, आणि दिग्विजयभाईच्या टेबलावर नेऊन टाकली.