बंद बिळाचे पाच आठवडे

"काही नाही हो त्यात. आमच्या मुलीने माती पाळलीन आहे."

बाबांचा आवाज पुढच्या पडवीतून आला. नाश्त्याला बसलेले पाहुणे हसले. मी मागच्या पडवीत डब्यासमोर उकिडवी बसले होते. आईने नारळ आणायला पाठवलं होतं. नारळ माझ्या मांडीवर होता आणि डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या काळ्या कागदाचा कोपरा माझ्या चिमटीत.

"पण जिवंत आहे ना?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"कोण जाणे," आई म्हणाली. "पाच आठवडे झाले, कोणी तोंड बघितलेलं नाही. ही मात्र रोज त्या डब्यापुढे वाकून बसते."

डब्यात माझा टॅरंटुला आहे. जाड केसाळ पायांचा कोळी, पण जाळ्यात लटकणारा नव्हे, बीळ खणून आत राहणारा. कॉलेजातली एक सीनियर परदेशी जाताना माझ्याकडे देऊन गेली. तेव्हा तो सुपारीएवढाही नव्हता. नर की मादी हे टाकलेली कात तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, तरी मी पहिल्या दिवसापासून 'ती'च म्हणते.

ती लाजरी आहे. नुसता दरवाजा आपटला तरी बिळात जाते. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, मी चिमट्याने एक रातकिडा बिळाच्या तोंडाशी सोडते. रातकिडे वाडीतल्याच झावळ्यांच्या ढिगाखालचे, जिथे फवारणी पोचत नाही तिथले. मग अजिबात हलायचं नाही. आधी काळोखात पायांची दोन टोकं दिसतात. रातकिडा थोडा पुढे येतो आणि पुढच्या क्षणी तो तिथे नसतोच. इतक्या वेळा बघूनही मधे नेमकं काय झालं ते मला एकदाही दिसलेलं नाही. दर वेळी अंगावर काटा येतो, दर वेळी हसू येतं. खाल्लं नाही तर सकाळी किडा काढून घ्यायचा, नाहीतर तोच तिला कुरतडेल. पाणी बाटलीच्या झाकणात. माती फक्त एका कोपऱ्यात दमट ठेवायची, बाकी कोरडी.

ही कोरडी माती बाबांना बघवत नाही. त्यांचा जन्म वाडीचं शिपणं करण्यात गेला. दिवसाआड पंप लावायचा, पाट फिरवायचे, प्रत्येक आळं भरलं की नाही बघायचं. ती घरी आली त्याच आठवड्यात त्यांनी जाता जाता डब्यात तांब्याभर पाणी ओतलं, कुंडीत ओतावं तसं. संध्याकाळी ती भिंतीला चिकटून, भिजून, निपचित बसलेली दिसली. मी सगळी माती बदलली, डबा माझ्या खोलीत नेला आणि बाबांना काही बोलले नाही. मी इंग्रजी शाळेतली. घरात बोलायचं वाक्यसुद्धा मी आधी मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत सगळे दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. डबा हलवणं सोपं होतं.

पण शनिवार-रविवारी माझी खोली पाहुण्यांची असते. वादळात सुपारीची झाडं आडवी झाली तेव्हापासून आमचं घर पाहुण्यांना खोल्या भाड्याने देऊनच चालतं. मग माझं अंथरूण आणि डबा दोन्ही मागच्या पडवीत येतात.

पाच आठवड्यांपूर्वी तिने बिळाचं तोंड धाग्यांनी आणि मातीने लिंपून बंद केलं. कात टाकायच्या आधी असं करतात, हे मी वाचलं होतं. आत मेली असेल तरी बाहेरून असंच दिसणार, हेही कळत होतं.

मी कागद आणखी उचलला. बीळ डब्याच्या पारदर्शक भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे आतलं दिसतं. ती उताणी पडली होती. आठही पाय वर.

मग एक पाय हलला.

मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडतात. हिचे पसरलेले होते. जुनं कवच झाकणासारखं उघडून बाजूला झालं होतं आणि आतून नवे पाय, ओल्या बाहीतून हात काढावा तसे, सूतभर सरकत बाहेर येत होते. थांबायचे. परत सरकायचे. नवे विषदंत पांढरे शुभ्र होते, अजून इतके मऊ की कशालाच चावू शकले नसते. नवे केस काळेभोर, ओलसर. वर्षभर मी हे फक्त मोबाइलवर बघत आले होते. आता ते माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर चाललं होतं. आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मी नारळ दोन्ही हातांनी दाबून धरला.

"चला, दाखवतोच तुम्हाला," बाबा म्हणाले, आणि पावलं वाजली. पाहुणे मोबाइल घेऊन मागोमाग आले, त्यांच्या मागे आई. बाबा खुशीत होते. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी नवीन आहे याचा त्यांना अभिमानच वाटत असावा. "माती सुकली असेल हो. पाणी सोडलं की येते वर." त्यांनी पिंपातून तांब्या भरला. "सरक गं जरा. बघू दे त्यांना."

या वेळी डबा उचलून नेता येणार नव्हता. एक धक्का बसला असता तरी अर्धे बाहेर आलेले पाय तुटले असते. आणि पाणी बिळात गेलं असतं तर तिला साधं पालथंही होता आलं नसतं. बाबांचा हात वाकायला लागला. वाक्य जुळवायला वेळ नव्हता. मी नारळ मांडीत सोडला आणि त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, पाणी नको. ती कात टाकतेय, बुडून मरेल. मागेही तुम्ही पाणी ओतलं होतं आणि मी सांगितलं नाही, आता सांगतेय. बघायचं असेल तर सगळे इथे खाली बसा, आणि कोणीही एक शब्द बोलू नका."